परिवीक्षा विद्यापीठाची, भुर्दंड विद्यार्थ्यांचा



अमेरिकेत विद्यापीठाच्या दर्जाचा निवाडा सरकार स्वतः करीत नाही. ते काम अधिस्वीकृती आयोगांकडे आहे. विद्यापीठ निकषांत उणे पडले की आयोग त्याला परिवीक्षेवर ठेवतो. म्हणजे मान्यता कायम, परंतु ठरावीक मुदतीत सुधारणा सिद्ध करून दाखवावयाची. कायद्याच्या भाषेत या काळात काहीच हिरावले जात नाही. विद्यार्थ्यांचे केंद्रीय अर्थसाहाय्य चालू राहते, संशोधनाची अनुदानेही केवळ परिवीक्षेमुळे थांबत नाहीत. धोका असतो तो मान्यताच गेली तर. पण संशोधनाचे प्रकल्प तीन-तीन, पाच-पाच वर्षांचे असतात. उद्या मान्यता राहील की नाही अशी कुजबुज सुरू झाली, की दुसरीकडे जागा मिळू शकणारा तरुण संशोधक तेथे येण्याआधी दहादा विचार करतो.

ही कुजबुज सर्वांना सारखी भोवते काय? नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथे 1993 ते 2011 अशी 18 वर्षे वर्ग न भरताच गुण वाटले गेले. तीन हजारांवर विद्यार्थ्यांनी, त्यांत पुष्कळ खेळाडूंनी, त्यांचा लाभ घेतला. शुद्ध फसवणूक! जून 2015 मध्ये एक वर्षाची परिवीक्षा आली, जून 2016 मध्ये उठली. संशोधनात अग्रगण्य असलेल्या त्या श्रीमंत विद्यापीठाचे स्थान ढळले नाही.

आता पोर्तो रिको पाहा. 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात असलेले हे बेट. तेथील रहिवाशांना आजही अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. 1903 साली स्थापन झालेले त्यांचे सार्वजनिक विद्यापीठ अकरा आवारांचे. 2009 च्या आर्थिक आणीबाणीच्या कायद्याने त्याच्या हक्काच्या सरकारी अनुदानाला कात्री लावली. फीसवलतींवर घाला येताच एप्रिल 2010 मध्ये विद्यार्थी संपावर गेले. संप दोन महिने चालला. त्याच जूनमध्ये रिओ पिएद्रास या मुख्य आवारावर परिवीक्षा लादली गेली. आक्षेप कोणते? कारभार आणि साधनसंपत्ती! साधनसंपत्ती कोणी आटवली, हा प्रश्न आयोगाच्या कक्षेतच नव्हता.

2016 मध्ये अमेरिकन काँग्रेसने बेटावर एक वित्तीय मंडळ बसविले. त्याचा एकही सभासद बेटावरील जनतेने निवडलेला नाही. 70 अब्ज डॉलरहून अधिक कर्जाच्या वसुलीसाठी या मंडळाने विद्यापीठाकडून 45 कोटी डॉलरची कपात मागितली. मार्च 2017 मध्ये पुन्हा संप झाला. मे महिन्यात आठ आवारे परिवीक्षेवर गेली. सप्टेंबरमध्ये मारिया चक्रीवादळाने इमारती आणि प्रयोगशाळांची नासधूस केली. 2018 मध्ये एका क्रेडिटची फी सुमारे 57 डॉलरवरून 115 डॉलरवर नेण्यात आली. विद्यापीठाची परीक्षा झाली. कपात मागणाऱ्या मंडळाची परीक्षा घेणारा आयोग मात्र अस्तित्वात नाही.

हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावे, कारण 2013 च्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाने आपल्याकडेही अनुदानाची सांगड नॅकच्या मूल्यांकनाशी घातली. शिक्षकांची संख्या हा त्या मूल्यांकनाचा एक निकष. आणि अनुदानित महाविद्यालयांतील पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवते ते शासन. एखाद्या जिल्ह्यातील महाविद्यालयाची श्रेणी घसरली, की प्राचार्यांना जाब विचारण्यापूर्वी मंजूर पदे किती, भरलेली किती आणि भरतीची परवानगी कोठे अडली, याची माहिती मिळवावी आणि ती अधिसभेत मांडावी.