एका सेलचं भूत

भूत बनवण्याचा उद्योग मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी केला, आणि तोही अमेरिकेत!

2022 च्या ऑक्टोबरात मी न्यू जर्सीला मुलाकडे होतो. 31 तारखेला तिथं हॅलोविन असतो. आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोकांनी हा सण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नेला. तिकडे सलगम कोरून दिवा करत, अमेरिकेत त्याच्या जागी भोपळा आला. संध्याकाळी सोंगं घेतलेली मुलं दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. ज्याच्या अंगणातलं भूत हलतं, त्या घरापुढं ती हमखास रेंगाळतात.

"आजोबा, आपलं भूत हलणारं पाहिजे," सात वर्षांच्या नातवानं फर्मान काढलं.

दुकानातली हलती भुतं महाग. पण पुण्यात वाड्याच्या गणपतीपुढं हलते देखावे करण्यात माझी बरीच वर्षं गेलेली. युक्ती साधी असते. फिरत्या चाकावर, मध्यापासून जरा बाजूला खिळा बसवायचा आणि त्यात तारेचा दांडा अडकवायचा. चाक गोल फिरतं, दांडा मागं-पुढं होतो आणि राक्षसाची मान हलते. चालणाऱ्या खेळण्याच्या पोटात हेच यंत्र तयार मिळतं.

आधी गराज सेलमधून एका डॉलरला रिमोटची गाडी आणली. तिच्यावर हँगरच्या तारेचा सांगाडा बांधला, वर जुना पांढरा पडदा टाकला. भूत अंगणभर सुसाट पळालं आणि नातू पोट धरून हसला. तेव्हा लक्षात आलं, पळणाऱ्या भुताला कोणी भीत नाही. खेळण्याला घाई असते, भुताला नसते. गाडीचे सेल कमी करून पाहिले, तर रिमोटच चालेना.

घरात आणखी एक खेळणं होतं. भुंकत चालणारा केसाळ कुत्रा. हिनं तो तुळशीबागेतून घेऊन नातवाला पाठवला होता. हिला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. कुत्र्याचं भुंकणं बंद पडलेलं, पाय मात्र चालत. माझी नजर त्याच्यावर गेलेली पाहून नातवानं तो उचलला आणि खोलीत नेऊन ठेवला. मीही विषय काढला नाही. तीन दिवसांनी तो स्वतःच कुत्रा घेऊन आला.

"कापायचा नाही. उसवायचा. मग परत शिवायचा."

कबूल केलं. पोटावरची शिवण उसवून कातडं अलगद काढलं. आत प्लॅस्टिकचा सांगाडा, इवलीशी मोटर आणि दातेरी चाकं. दोन पेन्सिल सेल म्हणजे तीन व्होल्ट. त्यातला एक काढून त्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाची घट्ट गुंडाळी बसवली, म्हणजे वीजप्रवाह तुटत नाही आणि मोटरला दीडच व्होल्ट मिळतात. आधी पाय हलेचनात, कारण अंगाचा भार त्यांच्यावर होता. मग त्याला कुशीवर निजवला. पाय हवेत सावकाश चालू लागले, जबडा हळूच उघडू-मिटू लागला. नातू माझ्यामागं सरकला. जमलं म्हणायचं!

कोणाला करायचं असेल, तर थोडी काळजी घ्या. खेळणं सेलवरचंच घ्यावं, घरच्या विजेवर चालणारं उघडू नये. कापडाच्या भुताजवळ मेणबत्ती नको, भोपळ्यातही सेलचा दिवा बरा. आणि बटणासारखे चपटे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते.

त्या संध्याकाळी पायरीजवळच्या वाळक्या पानांत कुत्र्याला ठेवला. परीच्या वेशातली एक चिमुरडी त्याला पाहून जागीच थबकली. नातू तिला इंग्रजीत समजावत होता: चावत नाही, आमच्या आजीचा आहे.

दुसऱ्या दिवशी सुई-दोरा घेऊन बसलो. बटण लावण्यापलीकडं मला शिवण येत नाही, टाके वाकडेच पडले. नातवानं त्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आजीनं नीट शिवलं असतं."

खरं आहे.