उजेड कुणाच्या बाजूचा?



आपल्या नायगावात मालिकांचे सेट लागतात. तिथं एकेका चेहऱ्यासाठी लाइटमन दिवे मागंपुढं सरकवतो. आणि आपली पोरं विरारच्या खोलीत ट्यूबलाइटखाली बसून मोबाइलवर नोकरीची मुलाखत देतात. पडद्यावर चेहरा काळाठिक्कर. पोरगं म्हणतं, माझा रंगच वाईट.

साफ खोटं! कॅमेरा माणूस बघत नाही, उजेडाची सरासरी काढतो. मागं खिडकी किंवा पांढरी भिंत असली की तो सगळंच चित्र अंधारं करतो. त्यात बुडतो आपला चेहरा. कोडॅक कंपनीनं तर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचा फोटो प्रमाण धरून रंग जुळवले. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि तिम्नित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून बाई-पुरुष ओळखणारी यंत्रं तपासली. गोऱ्या पुरुषांत चूक फार तर ०.८ टक्के, काळ्या बायांत ३४.७ टक्क्यांपर्यंत!

तेव्हा खिडकीकडं तोंड करून बसा. रात्री दिवा समोर, जरा बाजूला, डोळ्यांच्या वर ठेवा. उजेड टोचत असेल तर तो समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मारा, परतून चेहऱ्यावर येऊ द्या. पाठीमागं गडद चादर. गोरं करणारा फिल्टर मात्र बंद.

दिवा हलवा. चेहरा पुसून नोकरी मागायची नाही.