ते पाच स्टार आम्हीच दिले होते

राजुरीहून आम्ही बोलतोय. आज विषय बचतीचा नाही, बचतीतून घेतलेल्या गाडीचा आहे. फोनवर गाड्यांचे डीलर शोधले की एकाच्या नावापुढे ‘शिफारस केलेला’ असं येतं, चार पूर्णांक आठ स्टार दिसतात, खाली नऊशे लोकांचे अभिप्राय असतात. त्यावर विश्वास ठेवायचा का? आम्ही ठेवला होता. आणि आता त्या नऊशेत आमचेही चार आहेत.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंना डायलिसिसला न्यावं लागतं, आठवड्यातून दोनदा. एसटीत त्यांना बसवत नाही आणि दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही. म्हणून जुनी का होईना, गाडी घ्यायची ठरली. ७० हजार गटाने अंतर्गत कर्ज दिलं. बाकीचे पैसे ताईंनी दुधाच्या पगारातून आणि एक पाटली मोडून उभे केले. सगळे मिळून २ लाख ६० हजार. शहरातला तो स्टारवाला डीलर आम्हीच शोधला, आम्ही चौघी ताईंबरोबर गेलो.

तिथे काय थाट! गाडीला हार, पुढे नारळ, ताईंच्या हातात पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली. फोटो काढले. मग तो विक्रीवाला पोरगा हात जोडून म्हणाला, “ताई, पाच स्टार द्या ना, माझा इन्सेंटिव्ह त्यावरच आहे.” पोरगा गोड होता, थंड पाणी देत होता. आम्ही चौघींनी तिथेच उभं राहून चार फोनवरून वीस स्टार दिले, फोटोसकट. गाडी अजून फाटकाच्या बाहेरही पडली नव्हती.

पुढे चार महिने ताईंच्या नावावर गाडी झाली नाही. चौकशी केली तर आधीच्या मालकाचं कर्ज आरसीवर तसंच होतं. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो ना, तसा आरसीवर बँकेचा बोजा असतो. तो उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. डीलरला फोन केला की “साहेब बाहेर गेलेत”. त्या पोराने तर नोकरीच सोडली होती.

तेही सोसलं असतं. पण शेजारच्या गावातल्या गटातल्या एक वहिनी मेळाव्यात भेटल्या. त्यांनी त्याच डीलरकडून गाडी घेतली होती. मीटरवर ५८ हजार किलोमीटर दिसत होते. गॅरेजवाल्याने जुनी सर्व्हिसिंगची नोंद काढली, तर ती एक लाख दहा हजारांची. मीटर मागे फिरवलेला. आम्ही विचारलं, “वहिनी, नीट चौकशी नाही केली का?” त्या म्हणाल्या, “केली की. तुमचाच फोटो बघितला. आपल्या भागातल्या बचत गटाच्या बायका आहेत, म्हटलं फसवणार नाहीत.”

आम्हाला काय बोलावं ते सुचेना.

नंतर आम्ही हा सगळा प्रकार उलगडून बघितला. स्टार खोटे असतात असं सरसकट म्हणता येणार नाही. आमचे खरेच होते, मनापासून दिलेले. पण ते हार-नारळाच्या दिवसाचे होते. सहा महिन्यांनी, वर्षाने कोणी विचारायला येत नाही, आणि गाडीचा खरा गुण तेव्हाच कळतो. नव्या गाडीच्या शोरूममध्येही हेच चालतं. कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा सांगा, नऊ सांगितले तरी आमचे पैसे कापतात, असं तिथली मुलं विनवतात. मग त्या दहांवरून एवढंच कळतं की पोराने विनवणी चांगली केली. नाराज झालेल्या बाईला मात्र कोणी विनवत नाही. पुष्कळदा तिचा फोन मुलाच्या हातात असतो, ती लिहिणार कशी? आणि ‘शिफारस केलेला’ या शब्दाजवळ बारीक अक्षरात ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ लिहिलंय का, तेही बघा. असेल तर ती जागा पैसे भरून घेतलेली आहे.

आपल्या बेल्ह्याचा बैलबाजार आठवा. आम्हा बायकांना तिथे बैल निवडायला कोणी नेत नाही, पण घरात ऐकून ऐकून सगळं पाठ झालंय. दलाल प्रत्येक बैलाचं कौतुक करतो आणि त्याच्या कौतुकावर कोणी बैल घेत नाही, कारण त्याला दलाली मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. लोक दात बघतात, खांदा बघतात, चालवून बघतात, ज्याच्या दावणीला होता त्याला विचारतात. फोनवर दलाल दिसत नाही, म्हणून आपण गाफील राहतो.

आता आम्ही अभिप्राय उलटे वाचतो. आधी एक-दोन स्टारवाले, त्यातही अलीकडचे. एकाच दिवशी ढीगभर ‘नाइस सर्व्हिस’ आले असतील तर ते मागून घेतलेले असण्याची शक्यता मोठी. एक स्टार कधी शेजारच्या स्पर्धकाचाही असू शकतो. पण वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळी माणसं ‘कागद दिले नाहीत’ असं एकच गाऱ्हाणं सांगत असतील तर थांबावं.

सरकारने यात काही केलंय का? नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आलं, आय.एस. १९०००. विकत घेतलेले अभिप्राय चालणार नाहीत असं त्यात आहे, पण ते पाळणं ऐच्छिक ठेवलं. आमच्या मते कागदाचा नियम जास्त उपयोगी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. स्टार बघण्याआधी ते दाखवायला सांगा. मूळ आरसी हातात घ्या आणि बोजा आहे का बघा. असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपल्या जुन्नर तालुक्याचं काम पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे, म्हणजे एमएच १४ कडे.

फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. डीलर कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची. वहिनींनी पावत्या जपल्या आहेत, त्यांचा अर्ज आम्ही मिळून लिहितोय.

ताईंच्या गाडीचं काय झालं? आम्ही चौघींनी आपापले पाच स्टार बदलून एक केला आणि तारखांसकट सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी डीलरचा स्वतःचा फोन! चार महिने न सापडलेले साहेब सापडले. बँकेचा दाखला आला, महिन्याच्या आत गाडी ताईंच्या नावावर झाली. मग साहेब म्हणाले, “आता काम झालं, तेवढे पाच स्टार परत द्या.”

यावर गटात भांडण झालं, खोटं कशाला बोला. एक मावशी म्हणाल्या, काम झालं, देऊन टाका, उगाच वैर नको. ताईंनाही तसंच वाटत होतं, उद्या काही लागलं तर? बैठक रात्री साडेनऊपर्यंत चालली. शेवटी वहिनींचा विषय निघाला आणि मावशी गप्प बसल्या. आम्ही एकाचे दोन केले, आणि खाली लिहिलं, ‘कागद चार महिन्यांनी मिळाले, तेही तक्रार लिहिल्यावर.’ हारवाला फोटो काढून टाकला.

आता गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत मागची दहा पानं वेगळी ठेवली आहेत. कोणी कुठून काय घेतलं, गाडी असो, कडबाकुट्टी असो की शिलाई मशीन, ते तिथे लिहायचं, आणि वर्ष झाल्यावरच त्यापुढे शेरा मारायचा. पहिली नोंद ताईंच्या गाडीची आहे. शेऱ्याची जागा अजून रिकामी आहे, वर्ष व्हायला पाच महिने बाकी आहेत.