पडद्यावर आपण किती वेळ असतो

(इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर भरलेल्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मोर्चा नाही, निवेदन नाही, तहसीलदार नाही. पोरं म्हणाली, पिक्चरवर बोला. आपल्यातल्या काही जुन्या मंडळींना हे पटलं नाही. पोटाला भाकर नाही अन् हे पिक्चरच्या गप्पा मारतायत! पण मी म्हणतो, भवानीनगरला, सोमेश्वरला, माळेगावला गाळप सुरू झालं की ऊसतोडीच्या कोप्यांमधून एकदा रात्रीची चक्कर मारा. दिवसभर कोयता चालवून हात सोलपटलेला गडी एका मोबाईलवर चौघांना घेऊन काय बघत बसलेला असतो? पिक्चरच. मग तो पिक्चर त्याच्या डोक्यात काय घालतो हे आपण विचारायचं नाही तर कोणी?

तर मी अलीकडे जे बघितलं, काही नवं, काही परत काढून, त्यावर बोलतो. समीक्षक वगैरे मी नाही. आवडलं ते आवडलं म्हणणार, बोगस वाटलं ते बोगस म्हणणार.

सुरुवात जुन्यापासून. ‘सामना’, १९७४ चा. जब्बार पटेलांचा, लिहिला तेंडुलकरांनी. हे जब्बार पटेल दौंडला डॉक्टरकी करायचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. साखरसम्राट हिंदुराव म्हणजे निळू फुले आणि फाटका मास्तर म्हणजे श्रीराम लागू. दोघांची जुगलबंदी अशी की माणूस हलत नाही. आपण ह्या साखरेच्या पट्ट्यातली माणसं, त्यामुळं हिंदुरावाचा कारखाना, त्याची जीप, त्याच्या भोवतीचे बगलबच्चे आपल्याला ओळखू येतात. पण परवा बघताना माझ्या मनात दुसरंच आलं. अख्खा पिक्चर मारुती कांबळेचं काय झालं यावर उभा आहे. आणि कांबळे पडद्यावर किती वेळ? जरासा, दुसऱ्यांच्या आठवणीतून. त्याच्याबद्दल मास्तर बोलतो, हिंदुराव बोलतो, गाव कुजबुजतं. कांबळे मेलेला. पिक्चर चांगलाच आहे, मी नाव ठेवत नाही. पण मराठी सिनेमात आपला माणूस असाच असायचा: प्रश्न म्हणून. दुसऱ्याच्या सद्‌सद्विवेकाला टोचणी लावायची आणि गायब व्हायचं.

आता ‘फँड्री’. २०१४ च्या फेब्रुवारीत लागला. नागराज मंजुळे जेऊरचा, करमाळा तालुका. उजनीच्या पाण्याच्या अलीकडं आपण, पलीकडं तो. कुगाव आणि कळाशीच्या मध्ये लोक लाँचनं ये-जा करायचे, त्यातली एक बोट २०२४ च्या मे महिन्यात उलटली आणि सहा माणसं गेली, ते पाणी. म्हणजे हा पिक्चर मुंबईहून आलेला नाही. आपल्या बांधावरचा आहे. त्यातली बाभळ आपली, त्यातली शिवी आपली.

फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्या शाळेत जातो, शालूवर जीव लावतो, काळ्या चिमणीच्या मागं रानभर हिंडतो. आणि एक दिवस शाळेजवळ, सगळ्या गावादेखत, त्याला बापाबरोबर डुकरं धरायला लागतात. डुक्कर हातात यायला, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू व्हायला एकच गाठ. जब्या ताठ उभा. घरचे ताठ उभे. डुक्कर निघून जातं, त्याला राष्ट्र नाही. पुण्यामुंबईत या जागी लोक हसले म्हणतात. आपल्या पोरांबरोबर बघाल तेव्हा लक्ष ठेवा, कोण हसतं आणि कोण खाली बघतं.

मग डुक्कर काठीला बांधून घरचे घेऊन जातात, तेव्हा मागं भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले. नागराज कॅमेरा तिथं धरून ठेवतो, भाषण नाही, पार्श्वसंगीताचा गोंधळ नाही. आपल्या चळवळीवरचा तो आरोपच आहे, असं मला वाटतं. भिंती रंगवल्या, आणि भिंतीसमोरून अजून डुक्कर चाललंय.

इथं एक गोष्ट सांगतो, ती पिक्चरमध्ये नाही. कैकाडी विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत येतो. आपल्याकडं, पुण्या-सोलापुरात, तो विमुक्त जातीत. माणूस तोच, बोली तीच, डुक्कर तेच. पण ॲट्रॉसिटी कायदा फक्त अनुसूचित जाती आणि जमातींना. म्हणजे गावानं जब्याचा केला तसा अपमान नागपूरकडं झाला तर कायद्यात बसेल, आणि भिगवणला झाला तर त्या कायद्याच्या बाहेर! शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या तोंडावर येतो. ज्याच्या हातात कायदा दिला नाही त्याच्या हातात काय उरलं, ते नागराजनं दाखवलं.

‘सैराट’वर सगळेच बोलतात, म्हणून थोडंच. २९ एप्रिल २०१६. शंभर कोटीच्या वर गेलेला पहिला मराठी पिक्चर. रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे इंदापुरातून नीरा ओलांडली की पलीकडंच. ‘झिंगाट’वर सगळी गावं नाचली. पाटलाच्या वरातीत नाचले, आपल्या जयंतीत नाचले. शेवटच्या पाच मिनिटांचं काय केलं? ते लोकांनी गिळून टाकलं. पोरगं रक्तात पाय भरून रडत चाललंय, आवाज बंद केलाय, आणि बाहेर आल्यावर मंडळी डीजेवाल्याला म्हणतात, लाव झिंगाट! आणि पारावर दुसरा सूर: ह्या पिक्चरनं पोरी बिघडवल्या. पोरी बिघडल्या, खून करणारा भाऊ मात्र नाही बिघडला.

सैराट लागायच्या बरोबर दोन वर्षं आधी, २८ एप्रिल २०१४ ला, जामखेड तालुक्यात खर्ड्याला आपल्या सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला लटकवलं. कारण काय, तर वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो. २०१७ च्या नोव्हेंबरात सेशन कोर्टातून आरोपी सुटले. साक्षीदार फितूर. खर्डा करमाळ्याहून काही लांब नाही. सैराटची कथा कुठून आली असं विचारणाऱ्यांनी नकाशा उघडावा.

मला सैराटमधला सगळ्यात खरा सीन विचाराल तर तो लव्हस्टोरीतला नाहीच. कॉलेजात लोखंडे सर शिकवतायत आणि पाटलाचा पोरगा प्रिन्स भर वर्गात त्यांना थोबाडीत मारतो. आपल्यातला माणूस शिकला, मास्तर झाला, पगार आला, आणि तरी ती थप्पड. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, आम्ही शिकलो. तरी पुढच्या बाकावर प्रिन्स बसलेलाच. आणि ह्याच पिक्चरचा हिंदीत ‘धडक’ केला, २०१८ साली. उदयपूरचे वाडे आले, तलाव आले, भारी कपडे आले, जात पुसट झाली. मीठ काढून ठेवलेलं कालवण! मी अर्ध्यात बंद केला.

तामिळवाल्यांचं वेगळंय. पा. रंजितचा ‘काला’ बघा, २०१८ चा. धारावीत रजनीकांत, आणि जीपचा नंबर बीआर १९५६. शिट्टी मारायची जागा आहे ती, मारा. मारी सेल्वराजचा ‘परियेरुम पेरुमाल’ त्याच वर्षीचा. लॉ कॉलेजात आलेला आपला पोरगा, इंग्रजी येत नाही म्हणून होणारी त्याची फरपट. शेवटी चहाचे दोन ग्लास शेजारी शेजारी आणि मध्ये एक फूल. बस, एवढंच. ज्याच्या आजोबाची कपबशी हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली असायची त्याला ते दोन ग्लास समजवून सांगावे लागत नाहीत. ह्याचाच हिंदी अवतार ‘धडक २’, २०२५ च्या ऑगस्टमध्ये आला. पहिल्या धडकपेक्षा शंभरपट प्रामाणिक.

‘जय भीम’ मात्र मी दोन मनांनी बघितला. २०२१ चा, सूर्याचा. पोलीस कोठडीतली मारहाण बघवत नाही, आणि ती खरी आहे. पण इरुलर बाई लढते ती वकिलाच्या मागून. तारणहार काळ्या कोटात येतो. वकील चंद्रू खरे, त्यांचं काम मोठं, त्यात वाद नाही. पण सिनेमावाल्यांना आपल्यासाठी कोणीतरी यावं लागतं, ही सवय काही सुटत नाही. त्या मानानं ‘झुंड’ मला जास्त जवळचा, लांबट असूनसुद्धा. अमिताभ बच्चन आहे, पण गड्डीगोदामची पोरं त्याला खाऊन टाकतात. आणि त्यातला कागदाचा भाग! रिंकू आणि तिचा बाप पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा शोधत वणवण फिरतात. आपल्यात जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा, विमुक्तांना १९६१ च्या आधीचा. ज्याचा आजा शाळेच्या पायरीला शिवला नाही, त्यानं शाळेचा दाखला कुठून काढायचा? कचेरीत एक खिडकी दुसऱ्या खिडकीकडं पाठवते, हे ज्यांनी सोसलंय त्यांना हा भाग लांबट वाटणार नाही.

आणि ‘फुले’. २०२५ च्या ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला लागायचा होता. आक्षेप निघाले, बोर्डानं शब्दांना कात्री लावली, २५ तारखेला लागला. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणायचं नाही, कित्येक वर्षांची म्हणा! हिशोब नको आहे त्यांना. पिक्चर म्हणून तो जरा पुस्तकी आहे, पाठ म्हटल्यासारखा, हे मला सांगायला पाहिजे. आपल्या महापुरुषावरचा आहे म्हणून वाईटाला चांगला म्हणायची आपल्याला सक्ती नाही. जोतीरावांना ते आवडलंही नसतं.

एक राहिला, ‘स्थळ’. विदर्भातला, जयंत सोमलकरचा, २०२५ च्या मार्चमध्ये लागला. पोरगी बघायला येतात, परत परत तेच प्रश्न, उंची किती, रंग कसा, आणि पोरीला शिकायचंय. शेतकऱ्याचं घर, आपल्या वस्तीचं नाही. पण आपल्यात पोरगी बघायला जातात तेव्हा काय वेगळं विचारतात? घरातल्या बाबासाहेबांच्या फोटोखालीच बसून विचारतात.

ह्यावर मी जास्त बोलण्यात अर्थ नाही. मागं बसलेल्या पोरींनी तो बघितलाय, मला माहीत आहे, मघाशी कुजबुज ऐकली. त्यांनी पुढं यावं, माईक खाली करून देतो. आणि येत्या रविवारी समाजमंदिराच्या भिंतीवर चादर लावून ‘फँड्री’ लावायचाय. कैकाडी वस्तीवर सांगावा कोण नेतो, ते आत्ताच ठरवा.