लिनक्सचा लॅपटॉप आणि बाहेरचा माउस

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या जिल्हा न्यायालयांत पक्षकार म्हणून जाणाऱ्या मनुष्याचें सारें लक्ष आपल्या तारखेकडे असतें. समोरच्या मेजावरील संगणक कोणत्या प्रणालीवर चालतो, इकडे तें जाण्याचें कांहीं कारण नाहीं. तथापि २००७ सालीं सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पांत देशांतील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठीं मुक्त प्रणालींचें धोरण पत्करण्यांत आलें, उबुंटू नांवाचा लिनक्सचा अवतार न्यायाधीशांच्या व कारकुनांच्या हातीं देण्यांत आला, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुण्यांतील मंडळींनीं रचली. तेव्हां लिनक्स म्हणजे एखाद्या हौशी विद्यार्थ्याच्या खोलींतच सांपडणारी वस्तु, असा जो समज वऱ्हाडांत अजून आढळतो, तो सोडून द्यावयास हवा. जी प्रणाली न्यायालयांत दिवसभर राबते ती घरांत चालूं नये असें तिच्यांत कांहीं नाहीं.

चालतेही. परंतु तिच्यावरील घरांतल्या माणसांचा विश्वास ज्या ठिकाणीं डळमळतो तें ठिकाण पुष्कळदां अगदीं क्षुल्लक असतें. लॅपटॉपला बाहेरून माउस जोडला आणि पडद्यावरील बाण हलला नाहीं, कीं दुकानदार म्हणतो, "लिनक्स आहे ना, त्याचा ड्रायव्हर मिळत नाहीं." वडील मंडळी म्हणतात, फुकटची वस्तु अशीच असावयाची. दुकानदाराचें उत्तर जितकें प्रचलित आहे तितकेंच तें बहुतेक प्रसंगीं चुकीचें असतें. आणि त्या चुकीची किंमत माउसच्या किमतीहून फार मोठी पडूं शकते.

अमरावतीच्या राजापेठेंत राहणाऱ्या एका सेवानिवृत्त गृहस्थांची कल्पना करावी. वय सत्तरीच्या पुढें, हाताला थोडा कंप. नातू अकोल्यास शिकावयास गेला तेव्हां त्यानें आपला जुना लॅपटॉप, उबुंटू घालून, आजोबांच्या स्वाधीन केला. आबांनीं दोन वर्षांत त्यावर घराण्याची हकीकत, शेतीच्या वाटण्यांचे तपशील आणि दिवंगत पत्नीच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या असें तीनएकशें पानांचें लिखाण केलें. लॅपटॉपच्या पुढच्या भागीं जी गुळगुळीत चौकट असते, जिला टचपॅड म्हणतात, ती कंप असलेल्या हाताची वैरीण. टंकन चालू असतां अंगठ्याचा नुसता स्पर्श झाला तरी बाण भलत्या ओळीवर उडी घेतो आणि पुढचे शब्द परक्याच वाक्यांत जाऊन बसतात. म्हणून आबांना माउस हवा. ती चैन नव्हे. एके सकाळीं तो माउस मुका झाला. दुकानदारानें फोनवरच उपाय सुचविला: लॅपटॉप घेऊन या, सगळें पुसून दुसरी प्रणाली घालूं, तासाभराचें काम आहे. "सगळें पुसून" ह्या दोन शब्दांत तीं तीनशें पानेंही येतात हें त्यानें सांगितलें नाहीं. बहुधा त्याच्या ध्यानींही आलें नसावें.

लॅपटॉप पिशवींत घालण्यापूर्वीं आबांनीं अकोल्याला फोन केला, एवढें बरें झालें.

"आबा, दुकानांत नेऊं नोका," नातू म्हणाला. "आधीं सांगा, माउसच्या पोटाखालचा दिवा लागते काय?"

"लागते ना बाप्पा, लालभडक लागते. म्हणूनच तर म्हणतो, माउस चांगला आहे."

येथेंच बहुतेकांची फसगत होते. यू.एस्.बी.च्या साध्या माउसच्या तारेंत चार बारीक तारा असतात. दोन तारांतून वीज येते, उरलेल्या दोहोंतून बोलणें चालतें. दिवा लागला म्हणजे पहिल्या दोन तारा शाबूत आहेत एवढेंच सिद्ध होतें. बोलण्याच्या तारांपैकीं एखादी तुटण्याच्या बेतांत असली तरी दिवा आपला लागतच राहतो. घरांत दिवा आहे म्हणून टेलिफोनही चालू असला पाहिजे, असें कोणी म्हणत नाहीं.

आतां हें बोलणें काय असतें तें समजून घेण्यासारखें आहे. १९९६ सालीं यू.एस्.बी.ची पद्धत निघाली, आणि तिच्यांत माउस, कळफलक अशा माणसाच्या हातांत राहणाऱ्या उपकरणांसाठीं एक समान भाषा ठरविण्यांत आली. नवा कारकून कचेरींत हजर होतांना नांव, हुद्दा व काम सांगतो, तसा माउस जोडल्याबरोबर आपली ओळख स्वतःच देतो: माझा कारखाना अमुक, मला बटनें इतकीं, मी आडवी व उभी हालचाल कळवितों, शिवाय मला एक चाक आहे. ही ओळख पटली कीं पुढचा व्यवहार अगदीं थोडक्या शब्दांचा. सर्वांत साध्या रूपांत तो तीन अंकांचा असतो. पहिला अंक कोणतें बटन दाबलें तें सांगतो, दुसरा आडवें किती सरकलें तें, आणि तिसरा उभें किती सरकलें तें. ही भाषा लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, मुळांतच अवगत आहे. म्हणून साध्या माउससाठीं निराळा ड्रायव्हर शोधावा लागत नाहीं. खेळांसाठीं बनविलेल्या माउसचीं दहा-बारा बटनें किंवा रंगीत दिवे ह्यांची गोष्ट वेगळी. परंतु आबांना रंगीत दिव्यांशीं काय कर्तव्य?

मग दुकानदाराची समजूत आली कोठून? ती अगदींच निराधार नव्हे, जुनी मात्र आहे. हेलसिंकीच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्यानें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला, आणि त्यानंतरच्या दशकांत माउस जोडणें हें खरोखरच कष्टाचें काम होतें. माउस कोणत्या जातीचा, तो कोणत्या पोर्टला लावला आहे, बटनें दोन कीं तीन, हें सर्व एका लांबलचक फाइलमध्यें हातानें लिहावें लागे. एक अक्षर चुकलें कीं चित्रमय पडदाच उघडत नसे. २००१ सालच्या जानेवारींत कर्नेलची २.४ ही आवृत्ति निघाली, तिच्यांत यू.एस्.बी.च्या उपकरणांची नीट सोय झाली, आणि पुढें ती फाइल लिहिण्याचें कारणच उरलें नाहीं. बदनामी मात्र उरली. त्या काळीं माउसच्या पोटांत रबरी गोळा असे. जिनिंगच्या हंगामांत अकोल्यासारख्या गांवीं कापसाची तूस त्या गोळ्याच्या चाकांना गुंडाळून बसली तर तीही प्रणालीच्याच माथीं मारली जाई.

(उंदीर असा शब्दशः अनुवाद मराठीनें केला नाहीं, हें योग्यच झालें. १९६४ च्या सुमारास अमेरिकेंत डग्लस एंगेलबार्ट ह्यांच्या कल्पनेवरून जो पहिला माउस बनला तो तर लांकडाचा ठोकळा होता, खालीं दोन चाकें लावलेला.)

आबांच्या फोनवर आतां तपासाचें काम सुरू झालें. माउस बंद असला म्हणजे पडद्यावर कांहींच करतां येत नाहीं, हाही एक भ्रम आहे. उबुंटूमध्यें कंट्रोल, आल्ट आणि टी ह्या तीन कळा एकदम दाबल्या कीं आज्ञा लिहिण्याची काळी चौकट उघडते. तेथें रोमन अक्षरांत एस्, यू, डी, ओ. मग जागा सोडून डी, एम्, ई, एस्, जी. पुन्हां जागा सोडून आडवी रेघ आणि डब्ल्यू असें लिहून एंटर दाबावें. संकेतशब्द विचारला जातो. तो लिहितांना पडद्यावर पुष्कळदां कांहींच उमटत नाहीं, ठिपकेसुद्धां नाहींत. त्यामुळें कळफलकही बिघडला असें समजून घाबरूं नये. ही आज्ञा म्हणजे कर्नेलची रोजनिशी उघडून पाहणें होय. चौकट तशीच उघडी ठेवून माउसची तार काढावी आणि पुन्हां लावावी.

ह्यानंतर तीनपैकीं एक गोष्ट घडते. नव्या ओळी उमटून त्यांत माउसचें नांव दिसलें, तर ओळख पटलेली आहे आणि दोष असल्यास तो पुढें, पडद्याच्या मांडणींत आहे. कांहींच उमटलें नाहीं, तर पोर्ट तरी मेलेला आहे, तार तरी पुरती तुटलेली आहे, किंवा मध्यें जोडलेला हब दगा देत आहे. आणि ओळी उमटल्या, पण त्यांत एरर शब्द व उणें ७१ किंवा उणें ११० असा आंकडा आला, तर माउस दारापर्यंत आला, बोलूं लागला, पण बोलणें विस्कटलें असें समजावें. उणें ७१ म्हणजे उत्तर अशुद्ध आलें; उणें ११० म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपला.

आबांनीं भिंग घेऊन वाचलें: उणें ७१. उजवीकडचा पोर्ट सोडून डावीकडे लावून पाहिला. पुन्हां उणें ७१. मग नातवानें तो माउस शेजाऱ्यांच्या विंडोज असलेल्या संगणकाला लावून पाहावयास सांगितलें, आणि तेथेंही तो मुकाच राहिला. ही एकच परीक्षा दुकानदारानें आधीं सुचविली असती तर ड्रायव्हरची कथा दोन मिनिटांत संपली असती. माउसच्या मानेजवळ, जेथें तार रोज वांकते, तेथें ती आंतून झिजलेली होती. दोन-अडीचशें रुपयांचा नवा माउस आला, लावल्याबरोबर बाण हलला, आणि घराण्याची हकीकत होती तेथून पुढें चालूं झाली.

सर्वच प्रकरणें इतकीं सरळ नसतात. रोजनिशींत माउसचें नांव नीट उमटतें आणि बाण तरीही जागचा हलत नाहीं, अशा वेळीं लिबइनपुट ह्या भागाकडे पाहावें. माउस, टचपॅड व कळफलक ह्यांचे निरोप कर्नेलकडून घेऊन पडद्याकडे पोंचविणें हें त्याचें काम. त्याच्यासोबतच्या साधनांत प्रत्येक हालचाल ओळीओळीनें दाखविणारी सोय आहे. माउस हलवितांच ओळी धांवूं लागल्या तर माउस, तार, पोर्ट व कर्नेल हीं चारही निर्दोष ठरतात. मग पेनड्राइव्हवरून उबुंटूची ताजी प्रत, लॅपटॉपमध्यें न बसवितां, तात्पुरती चालवून पाहावी. तेथें बाण हलला तर दोष आपल्याच मांडणींत आहे. ह्या परीक्षेंत आंतील लिखाणाला धक्का लागत नाहीं. मात्र "तात्पुरतें चालवा" हाच पर्याय निवडला आहे, "बसवा" हा नव्हे, हें दोनदां पाहावें.

माउस चालतो, पण थोडा वेळ हात काढला कीं झोपी जातो आणि पहिला धक्का वायां जातो, ही तक्रार बहुधा वीज वांचविण्याच्या हौसेंतून उद्भवते. पॉवरटॉप नांवाच्या साधनाला सर्व कांहीं आपोआप सुधारावयास सांगितलें तर तें माउसलाही झोपेच्या यादींत घालतें. बॅटरीचीं दोनचार मिनिटें वांचविण्यासाठीं हा त्रास सोसण्यांत अर्थ नाहीं.

बिनतारी माउसचें प्रकरण जरा नाजूक आहे. त्याचा अंगठ्याच्या नखाएवढा ग्राहक पोर्टमध्यें बसतो आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर माउसशीं बोलतो. यू.एस्.बी. ३ चे वेगवान पोर्ट व त्यांना लावलेल्या डिस्का त्याच लहरींच्या आसपास गोंगाट करतात, हें इंटेल कंपनीनें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिलें. म्हणून बिनतारी माउस अडखळूं लागला तर सेल बदलावा, आणि तरीही भागलें नाहीं तर ग्राहक जुन्या, सावकाश पोर्टला किंवा हातभर लांब जोडतारेनें दूर न्यावा. एका लॅपटॉपवर विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची ब्लूटूथ माउसविषयीं निराळीच कुरकुर असते: विंडोजमध्यें जोडला कीं लिनक्समध्यें तुटतो. कारण असें कीं प्रत्येक जोडणीच्या वेळीं नवी गुप्त किल्ली ठरते, माउस शेवटचीच लक्षांत ठेवतो, आणि दुसरी प्रणाली जुनीच किल्ली घेऊन दाराशीं उभी राहते. अशा घरांत तारेचा माउस घेणें हेंच शहाणपणाचें. काचेच्या मेजावर मात्र तोही भांबावतो, कारण तो पृष्ठभागाचीं छायाचित्रें भराभर टिपून हालचाल ओळखतो आणि स्वच्छ कांचेवर टिपण्यासारखें कांहीं नसतें. खालीं वहीचा पुठ्ठा ठेवला कीं झालें.

पुढच्या शनिवारीं नातू अकोल्याहून आला. सर्वांत आधीं त्यानें तीं तीनशें पानें एका पेनड्राइव्हवर उतरून कपाटांत ठेवलीं, आणि दुसरी प्रत आपल्याबरोबर नेण्यासाठीं खिशांत टाकली. मग बाणाचा वेग कमी केला आणि दुहेरी टिचकीसाठीं मिळणारा अवकाश वाढविला. ही सोय उबुंटूच्या सेटिंग्जमध्यें सुलभतेच्या सदराखालीं असते, आणि कंप असलेल्या हाताला तिचा फार आधार होतो. शेवटीं त्यानें एक ओळीची आज्ञा दिली, जिनें बाहेरचा माउस जोडलेला असेतोंपर्यंत टचपॅड आपोआप बंद राहतो. आबांनीं मुद्दाम चौकटीवर अंगठा घांसून पाहिला. बाण हलला नाहीं. "आतां आजीच्या ओव्या राहिल्यात तेवढ्या सांगतो, तूं लिहून घे," ते म्हणाले. आणि नातवानें कळफलक स्वतःकडे ओढून घेतला.