कुत्र्यांमधला कुशिंग आजार

कुत्र्याच्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडांजवळच्या दोन अधिवृक्क ग्रंथींमध्ये तयार होते. ते किती तयार व्हावे, हे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच या संप्रेरकाद्वारे ठरवते. रक्तातले कॉर्टिसॉल पुरेसे झाले की एसीटीएच आपोआप घटते. कुशिंग आजारात हाच लगाम सुटतो.

सुमारे 80 ते 85 टक्के रुग्ण कुत्र्यांमध्ये पीयूषिकेवरची, बहुधा लहानशी गाठ सतत एसीटीएच सोडत राहते आणि दोन्ही अधिवृक्क ग्रंथी वाढतात. उरलेल्या बहुतेकांमध्ये गाठ अधिवृक्क ग्रंथीवरच असते; तेव्हा एसीटीएच घटते आणि दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथी आक्रसते.

हा आजार मध्यम वयानंतर दिसतो. खूप तहान, वारंवार लघवी, अनावर भूक, सुटलेले पोट, धाप, पातळ त्वचा आणि अंगाच्या दोन्ही बाजूंचे केस गळणे ही त्याची लक्षणे. दुर्दैवाने ती म्हातारपणाची समजली जातात आणि उपचार लांबतात.

निदानासाठी डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाची अल्प मात्रा टोचून 4 आणि 8 तासांनी रक्त तपासतात. निरोगी कुत्र्यात कॉर्टिसॉल दबते, रुग्णात सहसा दबत नाही. ट्रायलोस्टेन हे औषध कॉर्टिसॉलची निर्मिती रोखते. मात्रा जास्त झाल्यास उलट कमतरता होऊन उलट्या, अशक्तपणा येतो, म्हणून नियमित रक्ततपासणी अत्यावश्यक. दीर्घकाळ स्टेरॉइड दिल्यानेही हीच लक्षणे उद्भवतात. मात्र ती औषधे एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करावी लागतात.