शिक्षा की उपचार? आधी बाईला विचारा
(ठाकुरवाडी, ता. कर्जत येथील महिला शिबिरात केलेले भाषण)



सकाळच्या गटचर्चेत शेजारच्या गावच्या एका ताई म्हणाल्या, "मालक फौजेतून रिटायर झाले. रात्री दचकून उठतात, कॅन्टीनची बाटली संपवतात, मग मारतात. तक्रार करायची म्हटलं तर लोक म्हणतात, देशासाठी लढलेल्याला कोर्टात खेचतेस?"

ताईंना नवरा तुरुंगात नकोय. मारही नकोय. मग वाट कोणती?

अमेरिकेत बफेलो शहरात २००८ साली माजी सैनिकांसाठी वेगळं कोर्ट निघालं. गुन्ह्यामागे व्यसन किंवा मनाचा आजार असेल तर तुरुंगाऐवजी उपचार, न्यायाधीशासमोर नियमित हजेरी आणि सोबतीला दुसरा माजी सैनिक. आपल्याकडे असं कोर्ट नाही. पण १९५८ च्या प्रोबेशन कायद्यानुसार, फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर कोर्ट दोषी माणसाला बंधपत्रावर सोडू शकतं, परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावू शकतं, दारू न पिण्याची अट घालू शकतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात समुपदेशनाची सोय आहे आणि संरक्षण आदेशही आहे. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तरीही सावध राहायला हवं. १९५९ साली मुंबईत नानावटी या नौदल अधिकाऱ्यानं पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालून मारलं. १९६० मध्ये हायकोर्टानं जन्मठेप दिली, त्याच दिवशी राज्यपालांनी ती स्थगित केली. त्याला नौदलाच्याच ताब्यात ठेवलं. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षा कायम केली, १९६४ मध्ये माफी मिळाली. वर्दीचं वजन असं असतं. वीटभट्टीवर राबणाऱ्या आपल्या वाडीतल्या माणसासाठी कोण एवढं धावतं?

म्हणून आपलं म्हणणं स्पष्ट हवं. उपचार हे शौर्याचं बक्षीस नव्हे. गरज असेल त्या प्रत्येकाला मिळावेत, वर्दी असो वा नसो. ते ठरवताना बाईला एकटीला, सासरच्या माणसांपासून दूर बसवून विचारावं. उपचार चालू असतानाही संरक्षण आदेश कायम राहावा. समुपदेशन म्हणजे "जमवून घे" असं बाईला सांगणं नव्हे.

ताई, तुमचे मालक आजारी असतील. त्यांना औषध मिळायलाच हवं. पण तुम्ही मार खाणं हे त्यांचं औषध नाही. संरक्षण अधिकाऱ्यांकडे जायचं असेल तेव्हा सांगा, आम्ही दोघी-तिघी बरोबर येऊ.